मधलीचा होल्ड

आम्ही तिघी बहिणी. थोरली, मधली आणि मी धाकटी. जन्मदाखल्यावर तिघींनाही नावं आहेत, पण मधलीला तिच्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. घरात मधली, शेजारपाजारी मधली, आणि पुढे कामाला लागली तर तिथेही मधलीच. का, ते ऐकाल तर हसाल.

ती कार्टूनपट काढणाऱ्या एका स्टुडिओत होती. चौतीस वर्षं. तिथलं काम असं चालायचं की मोठा चित्रकार दोनच चित्रं काढायचा. पोरगी डावीकडे बघतेय, हे पहिलं. पोरगी उजवीकडे बघतेय, हे शेवटचं. झालं, साहेब चहा प्यायला मोकळे. पण मान काय उडी मारून इकडून तिकडे जाते? मधे पाच-सहा चित्रं लागतात. ती मधली चित्रं काढणाऱ्यांना तिथे सरळ मधल्याच म्हणायचे. हॉलभर मधल्या, एकूण एकतीस बाया. आमची मधली म्हणजे त्या मधल्यांतली मधली.

एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेले होते. काचेचं तिरकं टेबल, काचेखाली दिवा, कडेला तीन खुंट्या आणि प्रत्येक कागदाला तीन भोकं. कागद खुंट्यांवर बसवायचे, म्हणजे एक दुसऱ्यावरून तसूभर हलत नाही. डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच कागद धरून ती फरफर पुढे-मागे करायची आणि उजव्या हातानं रेघ ओढायची. मान वर नाही की इकडे तिकडे नाही. मी म्हटलं, "अगं, बहीण आलीय, बघ तरी!" तर म्हणते, "थांब, हनुवटी जातेय."

"कुठे जातेय?"

"खाली. मान सरळ नाही वळत, धाकटे. हनुवटी आधी जराशी खाली जाते आणि मग वर येते. नाहीतर बाटलीचं झाकण फिरवल्यासारखं दिसतं."

घरी येऊन आरशासमोर मान वळवून पाहिली. खरंच जाते हो खाली! जन्मभर मान वळवत होते आणि मला पत्ता नव्हता.

चित्रपट संपला की पडद्यावर नावं सरकायची. मोठ्या चित्रकारांची यायची, रंगवाल्यांची यायची, मधल्यांचं मात्र "आणि इतर". मी चिडायचे. "इतर म्हणजे काय गं? पोरीची मान कुणी वळवली? इतरांनी?" ती नुसती हसायची. आपण बरं, आपलं काम बरं, हा तिचा जन्माचा मंत्र. थोरलीचे जुने कपडे तिनं घातले आणि ते मला द्यायच्या वेळी आई म्हणायची, "धाकटीला नवे घेऊ." तेव्हाही ती अशीच हसली होती. मी नवे कपडे घेतले. लाज वाटायचं माझं वय नव्हतं, असं आपलं म्हणायचं.

आता माझं सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. मी एका मोठ्या इस्पितळात फोनच्या बोर्डावर होते. एकतीस वर्षं. त्या काळात तुम्ही तिथे फोन केला असेल आणि एका खणखणीत आवाजानं तुम्हाला "होल्ड करा" म्हणून दरडावलं असेल, तर ती मी. लोकांचा जीव तिकडे टांगणीला लागलेला आणि मी एकीकडे होल्ड करा, दुसरीकडे होल्ड करा. काहींना खरोखर जोडून द्यायची, काहींना विसरायची. मुद्दाम नाही हो, पण विसरायची. होल्ड म्हणजे काय चीज असते ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

पुढे कॉम्प्युटर आले, स्टुडिओ बंद झाला, एकतीसजणी एकतीस दिशांना गेल्या. लग्न मधलीनं केलं नव्हतं आणि माझं टिकलं नव्हतं. दोघी एका घरात राहायला लागलो. ती खिडकीशी बसून स्वतःसाठीच चित्रं काढायची. एके दिवशी म्हणाली, "धाकटे, तुझ्या नाकावर डाग आहे." मी पुसलं. तरी म्हणे आहे. मग भिंतीवर डाग दिसायला लागला, मग कागदावर. मी म्हटलं, उठ, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल.

डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजतोय म्हणाला. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. औषधानं कामापुरतं आठ महिने दिसेल, फार तर दहा. बाहेर आल्यावर मधली म्हणाली, "बघ ना, गेलं तर मधलंच गेलं." तिनं विनोद केला होता. मला रडू फुटलं आणि तिनंच मला रुमाल दिला.

त्याच महिन्यात एक फोन आला. अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेम्स यांची मोठी परिषद भरणार होती. तीत काय काय असावं हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमायची होती आणि हातानं चित्रं काढणारं कुणीतरी हवं होतं. मधलीच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता इफेक्ट्सच्या धंद्यात मोठी झालीय, तिनं आमच्या बाईसाहेबांचं नाव सुचवलं. मधलीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "अगं, मला तज्ज्ञ म्हणाले."

"मग काय आचारी म्हणतील?"

"तसं नाही गं. कुणी म्हटलं नव्हतं कधी."

मीटिंग पाचव्या मजल्यावर व्हायची. तिला लिफ्टचे आकडे दिसत नसत, म्हणून मी बरोबर जायचे. काचेची खोली, आत लांब टेबल, बाहेर माझ्यासाठी सोफा. काचेचं दार नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. आत सातजण. अध्यक्ष, त्यांचा स्वतःचा भलामोठा स्टुडिओ. एक गेमवाला, सतत पाय हलवणारा. एक प्राध्यापक, ज्यांचं वाक्य कधी संपत नसे. ती इफेक्टवाली, आणखी दोन साहेब आणि मधली. शिवाय लॅपटॉप घेऊन बसलेली कार्यक्रमवाली, जी सगळं टिपून घ्यायची आणि पुढे कळवायची.

पहिल्या मीटिंगला मधली अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या मीटिंगला उभी राहिली. खरंच उभी राहिली, शाळेत राहतात तशी. म्हणाली, "मला एक तास हवा आहे. आमच्यातल्या चारजणी अजून पेन्सिल धरतात. आम्ही मंचावर काचेचं टेबल लावू. मी लोकांसमोर एक मान वळवून दाखवीन. सात चित्रं. आणि शेवटी आमच्या एकतीसजणींची नावं वाचीन. बाकी काही नको."

डोळ्यांचं सांगितलं नाही तिनं. मी किती वेळा बजावलं होतं, "सांग त्यांना, पुढच्या वर्षी मला दिसणार नाही." तर म्हणे, "कीव करून दिलेला तास नको मला." मोठी आली मानी! पण तेव्हा मला तिचा अभिमानच वाटला.

सगळे छान छान म्हणाले. गेमवाल्यानं पाय हलवायचे थांबवले. इफेक्टवालीनं टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या मीटिंगला इफेक्टवाली परगावी होती. त्या दिवशी वेळापत्रक ठरायचं होतं. कोण पाहुणे, कुठला हॉल, कुणाला किती वेळ, नुसती रस्सीखेच चालली होती. प्राध्यापकांनी आपले दोन तास धरून ठेवले. मग अध्यक्ष कार्यक्रमवालीला म्हणाले, "मॅडमचं ते तीन वाजताचं सेशन आहे ना, छोट्या हॉलमधलं, ते आपण होल्डवर ठेवूया."

बाहेर सोफ्यावर मी सरसावून बसले. झालं, म्हटलं. टांगलं बाईला.

आणि मी काचेतून बघते, तर मधलीचा चेहरा उजळलेला. हात जोडून अध्यक्षांना म्हणते, "फार आभारी आहे." अध्यक्ष जरा चपापले, मग तेही हसले. त्यांना वाटलं असेल, काय समजूतदार बाई आहे!

गाडीत बसल्या बसल्या तिनं माझा हात घट्ट धरला. "ऐकलंस ना? होल्डवर ठेवलं!"

"हो, ऐकलं," मी म्हटलं. "म्हणजे काय गं तुमच्यात?"

मग ती सांगायला लागली. त्यांच्या कामात एक लांबलचक तक्ता असतो, कुठलं चित्र कॅमेऱ्यापुढे किती वेळ राहणार त्याचा. एखादं चित्र हलवायचं नसेल तर त्याचा आकडा लिहून खाली सरळ रेघ ओढायची. त्याला होल्ड म्हणतात. बाकीचं येईल जाईल, ते चित्र जागचं हलणार नाही. "मोठा चित्रकार ज्याला त्याला होल्ड द्यायचा नाही, धाकटे. ज्या चित्रात जीव असेल त्यालाच. चौतीस वर्षांत माझ्या एकाही चित्राला होल्ड मिळाला नाही. मधल्या चित्राला मिळतच नाही तो. ते यायचं आणि जायचं."

आता सांगा, मी काय बोलायला हवं होतं? एवढंच की, "अगं वेडे, साहेब लोकांचा होल्ड तुमचा नसतो. तो माझ्या बोर्डावरचा असतो." एक वाक्य. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. भाजीवाला, डॉक्टर, थोरलीचा नवरा, कुणालाही मी सोडलेलं नाही. पण तिचा तो चेहरा बघितला आणि मी मूग गिळून गप्प बसले. मनाला म्हटलं, तुला काय कळतंय त्यांच्या धंद्यातलं? ते कार्टूनवालेच आहेत, त्यांचाही होल्ड तोच असेल. असं मी मला पटवलं, आणि पटलं नाही हेही मला माहीत होतं.

त्यानंतरचे दोन महिने आमचं घर म्हणजे स्टुडिओ. चारजणी यायच्या. बुटकी, जिची रेघ सगळ्यांत बारीक. चष्मेवाली. खोकरी, जिनं खोकला आला की पेन्सिल उचलायची सवय चौतीस वर्षं पाळली. आणि त्यांची मास्तरीण, सगळ्यांत म्हातारी, जिला दोन जिने धरून चढवावं लागे. एकतीस नावं आठवता आठवता भांडणं व्हायची. सव्विसाव्या नावावर तर आठवडा गेला. मग खोकरीला झोपेतून उठल्यावर आठवलं आणि तिनं सकाळी फोन करून ओरडून सांगितलं.

मधली खिडकीशी बसून सराव करायची. समोरचं दिसत नसल्यामुळे तिला कागदाकडे न बघता कागदाकडे बघावं लागे. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. एक रेघ ओढायची, मग मान फिरवून ती सापडते का बघायची. पूर्वी तासाला सात चित्रं काढायची, आता दिवसाला एक व्हायचं. तरी हनुवटी चुकली नाही. कागद फरफरवून मला दाखवायची, "गेली ना खाली?" जायची. अगदी जायची.

चौथी आणि शेवटची मीटिंग. इफेक्टवाली परत आली होती. सगळं वाचून झालं, म्हणजे प्राध्यापकांनी वाचलं, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. मग अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" मी सोफ्याच्या टोकावर आले. दार उघडंच होतं. चार पावलांचं अंतर.

मधली म्हणाली, "नाही, सगळं छान जमलंय."

मी चार पावलं टाकली नाहीत. पिशवीतली पाण्याची बाटली काढून प्याले.

परिषदेच्या दिवशी आम्ही सहाजणी नीटनेटक्या होऊन गेलो. मास्तरणीला धरायला दोघी, काचेचं टेबल उचलायला दोघी, मधलीच्या छातीशी सात चित्रं आणि नावांचा कागद. दारावर एका मुलीनं तिच्या गळ्यात पट्टा अडकवला. त्यावर लिहिलं होतं, "सल्लागार तज्ज्ञ". मधलीनं तो बोटांनी चाचपला. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. दोनदा वाचलं. छोटा हॉल, तीन वाजता: मधली चित्रं आता आपोआप, नव्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक.

तेवढ्यात कार्यक्रमवाली धावत आली. "काकू, तुम्ही आलात, किती छान! पुढच्या रांगेत बसा. पण हे टेबल कशाला?"

"तीन वाजता लागेल ना," मधली म्हणाली.

"अहो, तुमचं सेशन होल्डवर होतं."

"हो, म्हणून तर आणलंय."

ती पोरगी गोंधळली. चांगली होती बिचारी. हळू आवाजात म्हणाली, "काकू, होल्डवर म्हणजे... नाहीये. पुढच्या वर्षी नक्की बघू."

बुटकीनं टेबल खाली ठेवलं. मधलीनं माझ्या दिशेला मान वळवली. वाकडी करून, कोपऱ्यातून बघतात तशी. आणि एवढंच म्हणाली, "तू टेलिफोनवर होतीस."

मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"नाही. बघून जाऊ."

बघितलं आम्ही. मंचावर एक चटपटीत गृहस्थ उभा होता. म्हणाला, "कुणाकडे दोन चित्रं आहेत का? पहिलं आणि शेवटचं?" मला वाटलं, आता भूमी दुभंगावी. मधलीनं हात वर केला. सातांच्या गठ्ठ्यातून पहिलं आणि शेवटचं काढून दिलं, मधली पाच छातीशीच ठेवली. त्यानं ती यंत्रात घातली, चार आकडे म्हणेपर्यंत मोठ्या पडद्यावर पोरीची मान डावीकडून उजवीकडे वळली. हॉल टाळ्यांनी दणाणला. इफेक्टवालीही टाळ्या वाजवत होती. मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि तिचे हात थांबले.

मधलीला पडद्याच्या जागी नुसता डाग दिसत होता. तिनं माझ्या कानाशी विचारलं, "हनुवटी खाली गेली?"

दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी छाती नव्हती. "नाही गं. सरळ फिरली. झाकणासारखी."

"मग हे टाळ्या का वाजवतायत?"

मास्तरीण शेजारी बसून तोंडातल्या तोंडात एकतीस नावं म्हणत होती. तिची ती पाठ झाली होती.

त्यानंतर मधली चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ती पूर्वीसारखीच राहिली. मी चहा दिला की घ्यायची, जेवायला बोलावलं की यायची. खिडकीशी मात्र बसेनाशी झाली. काचेचं टेबल पलंगाखाली गेलं. दहा म्हणता म्हणता आठव्याच महिन्यात डोळ्यांनी दगा दिला. आता ती मला आवाजावरून ओळखते आणि कपबशी चाचपून उचलते. बुटकी अधूनमधून येते, बाकीच्या येत नाहीत. मास्तरीण गेली.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. कार्यक्रमवालीचा. भलतीच खुशीत होती. "काकू, यंदा पक्कं केलं! इफेक्टवाल्या मॅडम गेल्या वर्षीपासून अध्यक्षांच्या मागेच लागल्या होत्या. मोठा हॉल, सकाळची वेळ, पूर्ण एक तास. सगळ्यात पहिलं सेशन तुमच्या ताईंचं!"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "होल्ड करा." रिसीव्हर बाजूला ठेवून मी आतल्या खोलीत डोकावले. मधली पलंगावर बसली होती, मांडीवर हात, भिंतीकडे तोंड. तिला काय विचारणार होते मी? परत आले. पलीकडून ती मुलगी हौसेनं म्हणाली, "मी आहे हं काकू, होल्डवरच आहे!"

मी म्हटलं, "ऐक. तिला आता दिसत नाही. तुमचं सेशन होणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. नीट लिहून घे." आणि फोन ठेवला.

मग आतून तिचा आवाज आला. रागाचा नव्हता, नेहमीचाच होता, चहात साखर कमी झाली हे सांगावं तसा.

"बघ, येतं की तुला सरळ बोलता." मग म्हणाली, "शेवटच्या मीटिंगला त्यांनी विचारलं होतं गं, कुणाला काही म्हणायचंय का."